तरुण वयातली परतवाट

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांत कोकणातले आणि घाटावरचे फार. संप लांबत गेला तशी कणकवली तालुक्यातल्या आमच्या वाडीत माणसं वाढत गेली. एरवी गणपतीला आणि शिमग्याला दिसणारे चाकरमानी ऐन उन्हाळ्यात आले होते आणि परत कधी जायचं हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. परळची खोली भावकीतल्या एकाच्या हवाली करून आमचं बिऱ्हाडही गावच्या घरात आलं. मी तेव्हा शाळकरी मुलगी होते. वडील आणि चुलतभाऊ एकाच गिरणीत होते. वडील साचा खात्यात कायम, चुलतभाऊ बदली कामगार.

दोघंही एकाच एसटीने गावी आले, पण दोघांचं परतणं वेगवेगळं होतं. वडील पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी मुंबईतून पैसे पाठवून घरावर कौलं चढवली होती, बहिणींची लग्नं लावली होती, गावकीत त्यांच्या शब्दाला मान होता. ते पडवीत बसले आणि महिन्याभरात जणू कधी गेलेच नव्हते असे गावचे झाले. दादा बावीस वर्षांचा. त्याच्या नावावर जमीन नव्हती, हातात साठवलेला पैसा नव्हता, लग्न ठरत आलेलं मोडलं. वाटेवर भेटणारा प्रत्येक जण त्याला विचारायचा, “कधी इलंस?” आणि लगेच पुढे, “कधी जातलंस?” वडिलांना हा दुसरा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

तरुण माणसाने गावी परतणं गावाला अपुरं का वाटतं, आणि त्याचं परतणं पुरं व्हायला नेमकं काय लागतं, या प्रश्नामागे माझं संशोधन आजवर चालत आलं आहे. प्रस्तुत पुस्तक त्या संशोधनातून उभं राहिलं. स्थलांतराच्या अभ्यासाशी आजवर संबंध न आलेल्या वाचकासाठी हे क्षेत्र कसं घडलं ते आधी सांगते.

शास्त्र म्हणून स्थलांतराचा विचार सुरू होतो तो साधारणपणे रावेनस्टाइन यांच्यापासून. ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे घेऊन त्यांनी १८८५ मध्ये स्थलांतराचे काही नियम मांडले. माणसांच्या प्रत्येक मोठ्या ओघासोबत उलट दिशेनेही एक लहान ओघ वाहतो, असं त्यांतला एक नियम सांगतो. म्हणजे परतणारी माणसं पहिल्याच पानावर हजर होती. तरीही पुढची ऐंशी-नव्वद वर्षं अभ्यासकांचं लक्ष जाणाऱ्यांवर आणि जिथे ते पोचले त्या शहरांवर खिळलेलं राहिलं. मध्येच एखादा सुटा पण खोल निबंध सापडतो. ऑस्ट्रियातून परागंदा झालेले तत्त्वज्ञ आल्फ्रेड शुट्झ यांनी १९४५ मध्ये युद्धावरून घरी येणाऱ्या सैनिकाबद्दल लिहिलं. तो गेला तेव्हाचं घर त्याच्या मनात आहे, घराच्या मनात गेला तेव्हाचा तो आहे, आणि मधल्या काळात दोन्ही बदललेले आहेत. हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तो मुंबईत समाजशास्त्र शिकताना. दादाच्या त्या उन्हाळ्याबद्दल इतकं नेमकं कुणी लिहिलेलं असेल असं वाटलं नव्हतं.

१९७० च्या दशकात मात्र ‘परत’ हा स्वतंत्र विषय झाला. अमेरिकेहून दक्षिण इटलीत परतलेल्यांचा अभ्यास करून चेरासे यांनी १९७४ मध्ये परतीचे चार प्रकार केले: जमलं नाही म्हणून परतणारे, जमीन घेऊन जुन्याच रीतीने जगायला परतणारे, निवृत्त होऊन परतणारे आणि काही नवं करायच्या उमेदीने परतणारे. जॉर्ज ग्मेल्क यांनी १९८० मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि या शाखेला स्वतःची ओळख मिळाली. त्याच सुमारास अर्थशास्त्रात दोन मतं समोरासमोर उभी होती. टोडारो यांच्या १९६९ च्या मांडणीत माणूस शहरातल्या अपेक्षित मिळकतीचा हिशेब करून निघतो. त्या हिशेबाने पाहिलं तर परतणं म्हणजे अंदाज चुकणं. ओडेड स्टार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हिशेबाचं एकक बदललं. निघायचा निर्णय घर घेतं, जोखीम घर वाटून घेतं, आणि ठरलेली रक्कम साठली की परतणं हा बेत पार पडल्याचा पुरावा असतो. १९९० च्या दशकात आणखी एक वळण आलं. निना ग्लिक शिलर आणि त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी दाखवलं की माणसं एकाच वेळी दोन ठिकाणी जगतात, आणि जाणं-येणं हे आयुष्यभर चालू राहणारं चक्र असू शकतं. गावमंडळाच्या सभेला लालबागेत बसून गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे ठराव करणाऱ्या माणसांत वाढल्यामुळे मला हे नवं वाटलं नाही, पण त्याला सैद्धांतिक भाषा मिळाली याचा आनंद झाला.

या सगळ्या मतांची झाडाझडती कासारिनो यांनी २००४ मध्ये घेतली आणि ‘तयारी’ ही कल्पना मध्यभागी आणली. परतणाऱ्याची इच्छा होती का, आणि परतण्याआधी पैसा, ओळखी, कौशल्य गोळा करायला त्याला वेळ मिळाला का, यावर परतीनंतरचं आयुष्य ठरतं. आजही परतीच्या अभ्यासातली मला सर्वांत उपयोगी वाटणारी मांडणी हीच. पण तिला एक मर्यादा आहे. तयारीला वर्षं लागतात. वडिलांकडे तीस वर्षं होती, दादाकडे चार.

तरुणांचा अभ्यास हे वेगळंच घराणं. कार्ल मानहाइम यांनी १९२८ मध्ये पिढी या कल्पनेचं विवेचन केलं: ऐन घडत्या वयात एकाच मोठ्या घटनेला सामोरे गेलेले लोक पुढे जगाकडे एका विशिष्ट नजरेने पाहतात. क्रेग जेफ्री यांनी मेरठच्या शिकलेल्या बेकार तरुणांवर २०१० मध्ये ‘टाइमपास’ हे पुस्तक लिहिलं. वाट पाहत राहणं हीच तरुणपणाची अवस्था कशी होते याचं ते फार बारकाईने केलेलं वर्णन आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत वर्षामागून वर्ष घालवणाऱ्या आणि वयोमर्यादा संपल्यावर गावी परतणाऱ्या मुलामुलींशी बोलताना ते मला वारंवार आठवलं.

ही दोन घराणी एकमेकांना क्वचित भेटली. कॅरिबियन बेटांवर रॉबर्ट पॉटर आणि डेनिस कॉनवे यांनी इंग्लंडात जन्मून आईवडिलांच्या बेटांवर राहायला आलेल्या तरुणांचा पाठपुरावा केला. चीनमध्ये रेचल मर्फी यांनी च्यांगशी प्रांतात परतलेल्या कामगारांनी काढलेले लहान कारखाने पाहिले. पश्चिम जर्मनीने १९८३ मध्ये कायदा करून परदेशी कामगारांना मायदेशी जाण्यासाठी १०,५०० मार्क देऊ केले, प्रत्येक मुलामागे वर आणखी १,५००. तुर्कस्तानात गेलेल्या त्या मुलांना आईवडिलांचा देश परका होता. त्यांचं परतणं दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं होतं. धोरणाच्या कागदावर मूल म्हणजे बापाच्या रकमेत पडलेली भर. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी आमच्या वाडीच्या शाळेत १९८२ च्या जूनमध्ये दाखल झालेल्या, मालवणी समजणाऱ्या पण बोलायला बिचकणाऱ्या सगळ्या मुलांचा विचार करत बसले होते. त्यांतली एक मी होते.

भारतात या विषयावर वाद झाला तो आधी गिरणी कामगारावरूनच. १९३१ च्या व्हिटली आयोगाने म्हटलं की कामगार मनाने खेडूतच आहे, त्याची गावाशी नाळ राखावी. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास लिहून या समजाला धक्का दिला. गावाच्या ओढीमुळे गिरण्यांना माणसं मिळेनाशी झाली असं घडलेलं नाही, हे त्यांनी दाखवलं. राजनारायण चंदावरकरांचं १९९४ चं पुस्तक याहून पुढे जातं. गावची जमीन आणि गावचं घर होतं म्हणून कामगार लांबलचक संप लढवू शकला, म्हणजे गाव हा त्याच्या शहरी लढ्याचाच आधार होता. हेमलता दांडेकरांनी सातारा जिल्ह्यातल्या सुगाव या गावाचा अभ्यास करून १९८६ मध्ये पुरुष मुंबईला आणि बायका घरी या व्यवस्थेची बायकांनी मोजलेली किंमत पुढे आणली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये गिरणगावाचा इतिहास कामगारांच्या स्वतःच्या तोंडून सांगितला. दक्षिण गुजरातेत यान ब्रेमन सतत फिरत्या मजुरांच्या मागे हिंडले. केरळात झकारिया आणि इरुदय राजन यांनी १९९८ पासून स्थलांतराच्या पाहण्यांची जी मालिका चालवली तिच्यामुळे आखातातून परतणारा माणूस देशात प्रथमच नीट मोजला गेला. कोकणातल्या खेड, चिपळूण, श्रीवर्धन या भागांतल्या मुसलमान कुटुंबांचाही आखाताशी तितकाच जुना आणि घट्ट संबंध आहे. त्यांच्यासाठी अशी मालिका महाराष्ट्राने चालवली नाही, आणि ही उणीव मला मोठी वाटते.

मोजणीचा मुद्दा इथे थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण तरुणांची परत अदृश्य राहते ती इथेच. आपल्या जनगणनेत जन्मस्थान विचारलं जातं. गावात जन्मून, मुंबईत दहा वर्षं काढून गावी आलेला मुलगा जन्मस्थानाच्या हिशेबाने स्थलांतरित ठरतच नाही. जिथे जन्मला तिथेच सापडला. १९७१ पासून ‘याआधीचं राहण्याचं ठिकाण’ हा प्रश्न आला आणि असा माणूस दिसू लागला. पण जो आठ महिने भिवंडीत आणि चार महिने गावी असतो, त्याचं काय लिहायचं हे त्या दिवशी दारात आलेल्या प्रगणकावर आणि उत्तर देणाऱ्या आजीवर अवलंबून असतं. स्त्रियांच्या बाबतीत तर याहून अवघड. देशात स्त्रियांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं नोंदवलेलं कारण लग्न. लग्न करून गेलेली, शहरात नोकरी करणारी आणि पुढे एकटी किंवा मुलांसह माहेरी आलेली तरुण बाई घरातल्यांच्या तोंडी ‘परतलेली’ नसते, ती ‘आलेली’ असते, थोड्या दिवसांसाठी. ते थोडे दिवस वीस वर्षं चालले तरी.

कोकण या अभ्यासासाठी निवडलं ते माझं गाव तिथे आहे म्हणून, हे खरंच. पण त्याशिवायही कारणं आहेत. इथे परतीचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. दापोलीत लष्करी पेन्शनरांची वस्ती होती. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत स्थायिक झाले, दोन वर्षांत त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं, आणि महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा तिच्याविरुद्धचा अर्ज तयार केला. पेगी लेविट यांनी १९९८ मध्ये ‘सामाजिक रेमिटन्स’ म्हणजे पैशाबरोबर घरी येणारे विचार आणि वागण्याच्या रीती, अशी कल्पना मांडली. तिचं मला माहीत असलेलं सर्वांत भक्कम उदाहरण शंभर वर्षं आधीच्या दापोलीत आहे. १८९६ च्या प्लेगमध्ये लाखो लोकांनी मुंबई सोडली; १९८२ चा संप झाला, तो अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही; आणि २०२० ची टाळेबंदी आली. या प्रत्येक वेळी गावाने परतणाऱ्यांना पोटात घेतलं, आणि प्रत्येक वेळी घेताना वयाप्रमाणे, जातीप्रमाणे, बाईपुरुष पाहून भेद केला.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली दिसली: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. ज्या गावांतून माणसं गेली ती गावं आणि ज्या गिरणगावात ती गेली ते गिरणगाव, दोन्ही एकाच दशकात रिकामी होत होती. माणसं विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवलीकडे सरकली होती. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्याची सरासरी ९२९ असताना. त्याच सुमारास कोकण विभागाचं स्वतंत्र परीक्षा मंडळ झालं आणि दहावीच्या निकालात हा विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येऊ लागला. चांगली शाळा म्हणजे चांगली निघण्याची वाट, असा इथला अनुभव आहे; मुलाला उत्तम शिकवणारं घर त्याच्या परतण्याची शक्यता स्वतःच्या हाताने कमी करत असतं आणि तरीही शिकवतं. दुसरीकडे आंब्याच्या बागांत राखण करायला आज नेपाळहून तरुण मुलं येतात. गावात काम नाही हे वाक्य म्हणून पुरेसं नाही. आहे ते काम कोणाचं समजलं जातं, हा प्रश्न आहे.

२०२० ने हा विषय सगळ्या देशासमोर आणला. त्या वर्षी मार्च ते जून या काळात एक कोटी सहा लाखांहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले असं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून निघून ते मध्य प्रदेशातल्या आपल्या घरांकडे चालले होते. त्या उन्हाळ्यात कोकणातल्या प्राथमिक शाळा विलगीकरणासाठी उघडल्या, काही गावांनी वेशीवर आडव्या काठ्या बांधल्या, आणि ज्यांच्या वर्गणीवर गावचं देऊळ उभं होतं त्यांनाच थांबवलं गेलं. वृत्तपत्रांनी माणसं येईपर्यंतची बातमी दिली. ती आल्यानंतरची दोन-तीन वर्षं कुणी फारशी पाहिली नाहीत. काहींनी होम-स्टे काढले, कुणी काजूप्रक्रियेचं यंत्र घेतलं, कुणी डंपर घेतला, पुष्कळ जण गुपचूप परत गेले. महामार्गाचं चौपदरीकरण, चिपीचा विमानतळ, जमिनींचे वाढलेले भाव, बारसूसारख्या ठिकाणी प्रकल्पावरून पेटलेली आंदोलनं: गावात राहणं म्हणजे काय, याचा निवाडा आत्ता होतो आहे, आणि त्यात परतलेल्या तरुणांचा आवाज सगळ्यांत नवा आहे. म्हणून हे पुस्तक आत्ता.

या पुस्तकाचं म्हणणं एका ठिकाणी येऊन थांबतं. तरुणाचं परतणं त्याच्या इच्छेवर किंवा हिमतीवर ठरण्याआधी घरातल्या कागदांवर ठरतं. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, त्याखाली इतर हक्कात पंधरा-वीस वारस, त्यांतले निम्मे मुंबईत, दोघे परदेशात. बागेवर कर्ज काढायचं तर बँक सगळ्यांची संमती मागते. मुंबईतला काका संमती देत नाही, कारण सही केली तर आपलाही परतीचा रस्ता बंद होईल अशी त्याला भीती असते. मग बाग कराराने व्यापाऱ्याला जाते आणि परतलेला पुतण्या त्याच बागेत मजुरीने आंबा काढतो. बौद्धवाडीतल्या मुलाकडे तर वाटणीचा वाद घालायलाही फारशी जमीन नसते. त्याचं परतणं सरकारी नोकरी, ग्रामपंचायत किंवा शिक्षण यांच्या आधारानेच टिकतं. आणि बहिणी. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला. गावोगाव भावांच्या प्रेमाखातर, मानपान आणि माहेरपण टिकावं म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. त्या एका सहीने तरुण बाईची परत म्हणजे कायमचा पाहुणचार होऊन जातो. परतीच्या कोणत्याही सिद्धांतात मला हक्कसोडपत्र सापडलं नाही. ते असायला हवं, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

वडीलधाऱ्यांच्या परतीला मी कमी लेखत नाही. मनीऑर्डरींवर जगलेल्या या मुलखावर त्यांचं ऋण आहे आणि त्यांच्याविषयी अजून पुष्कळ लिहिलं जायला हवं. मात्र या पुस्तकात अठरा ते तीस या वयात परतलेल्यांनाच मध्यभागी ठेवलं आहे. त्यांच्याशी, त्यांच्या आयांशी, मुंबईत राहिलेल्या भावंडांशी आणि जिथे शक्य झालं तिथे तलाठ्यांशी आणि बँकेतल्या अधिकाऱ्यांशीही मी बोलले आहे. एकाच माणसाकडे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा गेले आहे, कारण आल्या आल्या सांगितलेलं कारण आणि पाच वर्षांनी सांगितलेलं कारण यांत बहुधा फरक असतो आणि दोन्ही खरी असतात. मुलाखती ज्या बोलीत झाल्या त्याच बोलीत ठेवल्या आहेत. मालवणी, संगमेश्वरी, कोकणी मुसलमानांची बोली, आणि दिव्यात वाढलेल्या मुलांची हिंदीमिश्रित मराठी. नावं आणि वाड्या बदलल्या आहेत. जमिनीच्या वादांचे तपशील कुणाला अडचणीत आणतील असे वाटले तिथे गाळले आहेत.

पुस्तकातल्या काही जणांनी मुलाखतीनंतर पुन्हा गाव सोडलं. एक पुण्याला गेली, एक जण सौदीला, एक भिवंडीत गोदामात कामाला आहे. त्यांना वगळावं अशी सूचना हस्तलिखित वाचणाऱ्यांपैकी एकाने केली होती. मी त्यांना ठेवलं आहे, परतलेल्यांतच. त्या काही वर्षांत त्यांनी विहीर उपसली, भाताची लावणी केली, ग्रामसभेत तोंड उघडलं, आजारी आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. ते सगळं घडलं आहे, आणि त्यांच्यापैकी दोघांनी मला सांगितलं आहे की सातबाऱ्यावर नाव लागलं तर ते पुन्हा येणार आहेत.